फुसाएने वारा समोरून मागितला

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी शंभर मीटर पळणारी बाई दिसली की लोक आधी कौतुक करतात आणि मग हळूच विचारतात, "पण आता या वयात कशासाठी?" फुसाए तोकुयासु या प्रश्नाला उत्तर देत नसे. विचारणाऱ्याच्या सुटलेल्या पोटाकडे एकदा बघायची आणि बुटांचे बंद आवळायला घ्यायची. काय समजायचं ते माणूस समजून जायचा.

जपानमधल्या तोत्तोरीच्या किनाऱ्यावरच्या वाळूत रक्क्यो पिकतो, लोणच्याचा बारका पांढरा कांदा. फुसाएचा जन्म त्या कांद्याची मुळं छाटण्यात गेला. हंगामात गावातल्या बायका पहाटेपासून शेडमध्ये बसतात. पुढ्यात उभं पातं, एका फटक्यात मूळ, दुसऱ्यात पात, की कांदा टोपलीत. या कामात फुसाएचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं, आणि हे तिला स्वतःलाही चांगलंच ठाऊक होतं. पळण्याचं खूळ मात्र उशिरा लागलं. साठी उलटल्यावर गावाच्या क्रीडादिनाला त्यांच्या आळीच्या रिलेतली एक सून आयत्या वेळी आजारी पडली आणि कुणीतरी फुसाएच्या हातात बॅटन कोंबलं. तिने चपला भिरकावल्या आणि पुढच्या तिघींना मागे टाकलं. त्यातली एक शाळेत खेळ शिकवणारी होती. त्या दिवसापासून बाई जी कामातून गेली ती गेलीच.

नवरा तेइझो. त्याचं आयुष्य पोस्टाच्या खिडकीत पार्सलं तोलण्यात गेलं. काटा एक ग्रॅम पुढे सरकला की जादा तिकीट, मग समोर प्रत्यक्ष नगराध्यक्ष का उभा असेना. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर मुकाट्याने फुलझाडं लावावीत की नाही? तेइझोने मैदानावर वारा मोजायचं काम पत्करलं.

काम दिसायला सोपं. धावपट्टीच्या बरोबर मध्यावर, आतल्या कडेला, तिपाईवर एक यंत्र उभं असतं. त्याच्या डोक्यावर बाण काढलेला. बाण धावणाऱ्यांच्या दिशेला ठेवायचा. वारा पाठीमागून आला तर यंत्र अधिक दाखवतं, समोरून आला तर उणे. पाठीमागचा वारा सेकंदाला दोन मीटरपर्यंत चालतो. त्यापुढे केसभर गेला तरी वेळ खरी, पहिला नंबर खरा, टाळ्याही खऱ्या, पण विक्रमाच्या यादीत नाव नाही. त्या वेळेपुढे 'संदर्भापुरती' एवढंच लिहितात. म्हणजे जेवायला बोलवायचं आणि ताट मांडायचं नाही, तसला प्रकार.

आणि आमच्या मैदानाचं दुखणं असं, की दुपारचा समुद्राचा वारा नेमका पळणाऱ्याच्या पाठीवर येतो.

पंचाहत्तरीच्या पुढच्या बायकांचा प्रांतातला विक्रम होता किनुयो इगावाच्या नावावर. ही किनुयो फुसाएच्या शाळेतली, तिच्या घरासमोरच्या साकेच्या, म्हणजे तांदळाच्या दारूच्या दुकानाची मालकीण, तोंडाने तिखट. तिची वेळ अठरा पॉइंट एकसष्ट. फुसाएने ही वेळ चारदा मोडली होती. चारही वेळा वारा हद्दीबाहेर गेला, आणि चारही वेळा तो आकडा वाचून दाखवणारा होता तिचाच नवरा. याला म्हणतात घरचा आहेर. गेल्या वर्षी तर वारा निघाला दोन पॉइंट एक.

"अहो, एक दशांश?" घरी पोचेपर्यंत फुसाएने दम धरला होता, दार लागताच ती सुटली. "तुम्ही शिंकलात तरी याहून जास्त वारा सुटतो!"

"मी शिंकलो नव्हतो," तेइझो म्हणाला.

"जरा इकडून तिकडून बघता आलं नाही?"

"बघितलं ना. दोन्हीकडून दोन पॉइंट एकच दिसत होता."

पुढे आठवडाभर त्याच्या पुढ्यात रक्क्योचं लोणचं आलं नाही. तोत्तोरीत याहून मोठी शिक्षा नसते. तेइझोने तोंडातून ब्र काढला नाही. नुसता भात गिळत राहिला. त्याच्या या गप्प बसण्यानेच तिचं डोकं जास्त फिरायचं. नवरा भांडला असता तर निदान जिंकता तरी आलं असतं.

यंदा मात्र गोष्ट वेगळी होती. उजवा गुडघा पार झिजला होता. पावसाळा सरला की तो बदलायचा, असं डॉक्टरांनी ठरवून टाकलं होतं. नंतर चालता येईल, शेतात वावरता येईल, पळणं विसरा. म्हणजे जूनची ही स्पर्धा शेवटची. आता नाव लागलं तर लागलं, नाहीतर फुसाए तोकुयासु जन्मभर संदर्भापुरतीच राहणार होती. हे आठवलं की ती कुणावर तरी ओरडायची.

किनुयोने तर दुकानाच्या दारातूनच हाक मारली होती, "फुसा-चान, गुडघा बदलतायत म्हणे तुझा! बरं झालं बाई. माझा विक्रम काही तुला बदलता आला नाही, गुडघा तरी बदल."

"थांब तू. तुझं नाव त्या विक्रमांच्या पाटीवरून खाली काढल्याशिवाय मी खाटेवर आडवी होत नाही."

"काढ की. खाली ठेवताना जपून ठेव, जुनं आहे."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी पाऊस लागला आणि सगळ्या शर्यती दुपारवर ढकलल्या. दुपारी आभाळ उघडलं आणि वारा सुटला. झेंडे कसे ताठ! म्हाताऱ्या पुरुषांची शर्यत झाली, वारा तीनच्या वर. सगळ्यांच्या वेळा झकास, सगळ्या संदर्भापुरत्या. कडेला पाय मोकळे करत उभ्या असलेल्या फुसाएने झेंड्यांकडे बघितलं. आता आपली पाळी, आणि तोंडाशी आलेला घास पाचव्यांदा हाच वारा पळवणार.

ती तरातरा मुख्य पंचांकडे गेली. मियावाकी मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे शिक्षक, गळ्यात शिट्टी, कपाळावर घाम.

"मास्तर, आम्हाला उलटं पळवा."

"उलटं म्हणजे?"

"शर्यत संपते तिथून सुरू करा आणि सुरू होते तिथे संपवा. वेळ टिपायचा कॅमेरा त्या टोकालाही आहे. कॉलेजच्या पोरांसाठी करता ना, मग आम्ही काय पाप केलंय?"

"फुसाए-सान, पोरं उलटं पळतात ती पाठीवर वारा मिळावा म्हणून. तुम्ही उलटं पळालात तर वारा तोंडावर येईल!"

"तोच हवाय. समोरच्या वाऱ्याला हद्द नाही ना? कितीही असला तरी वेळ धरतात ना?"

"धरतात, पण..."

"झालं तर! पाठीवरच्या वाऱ्याने चारदा गळा कापला माझा. आता समोर येऊ दे मेल्याला, बघून घेते."

मास्तर हसले. पट्टी उलटी करून मागणारे त्यांनी पुष्कळ पाहिले होते. तोंडावर वारा मागणारी ही पहिलीच. पण एकीच्या हट्टापायी सहा जणींना वाऱ्यात कसं लोटायचं? त्यांनी सहाही जणींना गोळा केलं आणि हात वर करायला सांगितलं. बायकांनी नाकं मुरडली. एवढ्या लांबून आलो ते काय धापा टाकायला? सगळ्यांत थोरली, एक्याऐंशीची उमे-सान म्हणाली, "मला चालेल. पाठीमागून वारा आला की माझी टोपी पुढे उडते आणि मीच तिच्यावर पाय देते. मागे उडाली तर नातू आणेल." यावर हशा पिकला आणि दोन हात वर झाले. मग किनुयोने ऐटीत हात वर केला.

"समोरच्या वाऱ्यात माझी वेळ मोडणार? मोड बाई. कमी पडला तर दुकानातला पंखा आणून लावते."

झालं! मैदानावर एकच धांदल उडाली. बंदूकवाला या टोकाचा त्या टोकाला, कॅमेऱ्याचे लोक तिकडचे इकडे, खुर्च्या, दोऱ्या, पाट्या, सगळं उचलून पळवापळव. एक तेइझोचं यंत्र तेवढं जागच्या जागी राहणार होतं, कारण मध्य कुठूनही मध्यच. ते फक्त फिरवायचं होतं.

नेमकी तेव्हाच फुसाए त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"आज काय वाचणार आहात?"

"जे येईल ते," तेइझो म्हणाला आणि त्याची नजर तिच्या गुडघ्यावर गेली. "अगं, ही पट्टी किती सैल बांधलीयस! अशाने मध्येच सुटेल."

"राहू द्या, तुम्ही वारा मोजा."

"थांब म्हणतो ना!" एरवी शब्द न बोलणारा माणूस वाकला, मांडी घालून बसला आणि पट्टी सोडून नव्याने गुंडाळू लागला.  तिच्या आत काहीतरी हललं, म्हणून ती आणखीच चिडली. "घट्ट झाली! आता ढिली करा! पार्सल बांधताय काय?" तेवढ्यात शिट्टी झाली. ती धावत गेली, तो धावत खुर्चीवर जाऊन बसला.

बंदूक झाली आणि फुसाए सुटली. पहिल्या दहा पावलांतच वाऱ्याने थोबाडीत दिली. तिने मान खाली घातली, कोपरं मागे ओढली आणि घुसली. वाळू येत होती, डोळ्यांत, नाकात, तोंडात. किनुयोचा श्वास आधी कानाशी होता, मग मागे, मग ऐकूच येईना. गुडघा ओरडत होता, त्याला ओरडू दिलं. शेवटची रेघ ओलांडली तेव्हा लोक उभे राहिले होते. पाटीवर आकडे चमकले. अठरा पॉइंट बेचाळीस!

मोडला! समोरच्या वाऱ्यात मोडला! फुसाएने दोन्ही हात वर केले. उमे-सान टोपी न घालताच तिला मिठी मारायला आली.

मग पाटीवर वारा आला. अधिक दोन पॉइंट तीन.

सगळ्या मैदानातून "आऽऽ" असा एकच सुस्कारा निघाला. फुसाएचे हात तसेच वर राहिले. मग ती मियावाकी मास्तरांवर चालून गेली.

"अधिक? कुणाचा अधिक? हे बघा!" तिने त्यांच्या तोंडापुढे तोंड उघडलं. "दातांत वाळू आहे माझ्या! पाठीमागून वारा असता तर ही कानांत गेली असती! दात माझे पुढेच आहेत ना, मास्तर?"

मास्तरांनी झेंड्यांकडे पाहिलं. झेंडे तिच्या बाजूने साक्ष देत होते. तिकडे तेइझो यंत्रापुढे उभा होता, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. बाण जुन्याच दिशेला होता. सगळं मैदान उलटं झालं, एक तेवढं यंत्र फिरवायचं राहिलं. बायकोची पट्टी बांधता बांधता राहून गेलं.

त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि सगळ्यांसमोर कमरेत वाकला. बराच वेळ वाकलेलाच राहिला.

"चूक माझी आहे. यंत्र उलटं होतं."

"मग प्रश्नच मिटला की!" मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "अधिकचं उणे करू. उणे दोन पॉइंट तीन. विक्रम झाला!"

टाळ्या सुरूसुद्धा झाल्या. पण तेइझो सरळ झाला आणि मान हलवली.

"नाही, मास्तर. यंत्र चुकीचं लावलं तर त्याचं वाचन धरायचं नाही. या शर्यतीच्या वाऱ्याची नोंदच नाही. नोंद नाही म्हणजे विक्रम नाही."

टाळ्या थांबल्या. फुसाएला वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं.

"अहो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज तिला स्वतःलाच ओळखू आला नाही. "तुम्ही आहात तरी कुणाच्या बाजूने?"

"काटा उलटा ठेवून तोललेलं पार्सल मी कधी पुढे पाठवलं नाही," तेइझो खाली बघत म्हणाला. "तुझं कसं पाठवू?"

तिथे हातात उभं पातं असतं तर काय झालं असतं सांगता येत नाही. तिला रडू आलं, खरंखुरं, पोरीसारखं. आपणच तिथे जाऊन डोकं खाल्लं नसतं तर त्याने बाण फिरवला असता, हेही तिला कळत होतं, आणि ते कळण्याने रडू जास्त येत होतं.

मियावाकी मास्तरांनी कपाळ पुसलं. "चूक पंचांची आहे तेव्हा शर्यत पुन्हा घेता येईल. पण एकटीने पळलेलं विक्रमात धरत नाहीत. निदान आणखी एक जण पाहिजे."

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कुणी कंबर धरली, कुणी पोटऱ्या. "एकदा पळालो तेच पुष्कळ," एक जण पुटपुटली. "आमचे गुडघे काय भाड्याचे आहेत?" त्यांचंही काही चुकत नव्हतं.

किनुयो एका कडेला बूट काढून बसली होती. हातात अर्धा खाल्लेला भाताचा गोळा, तोंडात उमेबोशीची, त्यातल्या खारवलेल्या आंबट फळाची, बी. तिने बी थुंकली आणि बूट ओढून घेतले.

"मी येते."

"किनु-चान, विक्रम तुझा आहे," फुसाए नाक पुसत म्हणाली.

"म्हणूनच. माझ्या घरात चोरी व्हायची ती काय मी बाहेर बसून बघू? आणि हे बघ, दया करायला येत नाहीये. जीव तोडून पळणार आहे. रडणं आवर आणि पाणी पी."

अर्ध्या तासाने दोघी रेघेवर उभ्या राहिल्या. सहा जणींच्या पट्टीवर दोघीच, आणि प्रेक्षक सगळेच्या सगळे उठून उभे. तेइझोने बाण फिरवला, हाताने चाचपला, मास्तरांना बोलावून दाखवला, पुन्हा चाचपला. यावेळी फुसाए त्याच्या जवळपासही फिरकली नाही.

बंदूक! किनुयो उडी मारल्यासारखी पुढे गेली. खरंच जीव तोडून पळत होती भवानी! फुसाएचे पाय जड होते, ओल्या वाळूत पळतोय असं वाटत होतं. अर्ध्यात यंत्र मागे पडलं तेव्हा किनुयो अजून पाऊलभर पुढे. वारा तसाच अंगावर. आता नाही तर कधीच नाही! फुसाएने वाऱ्याला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली आणि गुडघ्याचा विचार सोडून दिला. खांदा किनुयोच्या खांद्याला लागला. मग किनुयो दिसेना. मग रेघच दिसली, आणि फुसाएने छाती तिच्यावर फेकली.

दोघी पलीकडे जाऊन आडव्या पडल्या. लोक पाटीकडे बघत होते. अठरा पॉइंट सत्तावन्न. किनुयोच्या वेळेपेक्षा चिमूटभर कमी. पण कुणी ओरडलं नाही. सगळे वाऱ्याची वाट बघत होते. फुसाए आभाळाकडे बघत पडून होती, जीव टांगणीला.

तेवढ्यात प्रेक्षकांतून एक आवाज आला, दुसऱ्या गावच्या क्लबचा कुणी गृहस्थ होता. "बायको पळणार आणि नवरा वारा वाचणार! ही कुठली रीत?"

किनुयो ताडकन उठून बसली. धाप लागलेली, केस विस्कटलेले.

"ए शहाण्या! याच माणसाने बायकोच्या चार वेळा खोडल्यात, आणि आज पाचवी! एक दशांशासाठी खोडली, स्वतःची चूक सांगून खोडली. माझा नवरा असा असता तर मी त्याला दुकानाच्या मागे पिंपात कोंबला असता. आज दुसरं कुणी वाचलं तर मी शंका काढेन. हा वाचेल तर माझा विक्रम गेला, मी मान्य करते. वाचा हो, तेइझो-सान!"

फुसाए उठून बसली. किनुयोने सगळ्या मैदानाला सांगितलं ते तिला इतक्या वर्षांत एकदाही सुचलं नव्हतं. तिला वाटायचं, या माणसाने आपल्या चार वेळा मातीत घातल्या. आणि आज तिच्या वेळेवर बोट ठेवायची कुणाची छाती नव्हती, ती त्या चार वेळांमुळे. 

तेइझोने आकडा वाचला. कर्ण्यातून त्याचा आवाज फाटका आला. "उणे... एक पॉइंट सहा. नोंद ग्राह्य."

मग मात्र मैदान फुटलं! मास्तर शिट्टी वाजवत सुटले, उमे-सानने नातवाला उचलायचा प्रयत्न केला, किनुयोने फुसाएच्या पाठीत एक सणसणीत धपका घातला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसल्या की रडल्या ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

गर्दीतून वाट काढत फुसाए लंगडत मध्यावर गेली. तेइझो दंडावरची पंचाची पट्टी सोडत होता.

"हे काय चाललंय?"

"चूक झाली माझ्याकडून. आता हे काम मला शोभत नाही."

"बांधा ती परत," फुसाए म्हणाली. त्याला गाठ जमेना, तेव्हा तिनेच ओढून बांधली, चांगली घट्ट. "पुढच्या वर्षी मी पळणार नाही. किनु-चान पळणार आहे. माझी वेळ मोडायला येईल ती. तेव्हा एका झुळकेचीही सूट द्यायची नाही तिला, कळलं?"

तेइझोने तिच्याकडे पाहिलं. "कधी दिलीय?" तो म्हणाला.